मंगळवार-शुक्रवारची रेघ

सांगलीच्या मुलींच्या शाळेत सव्वीस वर्षं गणित शिकवणाऱ्या त्रिशला मगदूमला आपल्या नवऱ्याचा पहिला संशय आला तो एका आलेखावरून. आणि त्या आलेखात संशय घ्यावा असं काही वर गेलेलं नव्हतं. खाली आलेलं होतं.

ऑगस्टमधला रविवार होता. जेवणाच्या टेबलापाशी बसून तिने फोनवर गेल्या महिन्याची सगळी रेघ एकदम उघडली होती. रेघ तिच्या नवऱ्याच्या, सुकुमारच्या, मेंदूतल्या एका धमनीची होती. दर ठोक्याला धमनीची भिंत किती ताणली जाते, ते ती दाखवायची. सकाळी उठताना रेघ थोडी वर, नाश्त्याला आणखी वर, दुपारच्या झोपेत खाली, संध्याकाळी पुन्हा वर. हे तिला रोजचं पाठ होतं. पण महिना एका पडद्यावर मावल्यावर तिला निराळंच काही दिसलं. दर मंगळवारी आणि दर शुक्रवारी, साडेचार ते सहा, ती रेघ झोपेतल्यापेक्षाही खाली यायची आणि हाताने सारवल्यासारखी गुळगुळीत व्हायची.

चार मंगळवार, चार शुक्रवार. आठपैकी आठ. ‘योगायोग’ हा शब्द त्रिशलाने कुठल्याही मुलीच्या उत्तरपत्रिकेत कधी चालवून घेतला नव्हता.

मंगळवारी आणि शुक्रवारी साडेचारच्या सुमाराला सुकुमार “पाय मोकळे करून येतो” म्हणून बाहेर पडायचा. पण चालणाऱ्या माणसाची रेघ वर जाते. रविवारी दोघं आमराईत चालायला जायचे, तेव्हा जायचीच की!

*

या रेघेची सुरुवात वर्षापूर्वीची. सुकुमार तेव्हा महापालिकेच्या पाणीपुरवठ्यात पर्यवेक्षक होता. पंचावन्न पूर्ण झालेल्या कर्मचाऱ्यांचा स्कॅन काढायची पद्धत नुकतीच सुरू झाली होती, आणि त्या स्कॅनमध्ये डाव्या कानशिलाच्या आत, धमनीच्या फाट्यावर, वाटाण्याएवढा फुगा सापडला. मिरजेच्या डॉक्टर नाझनीन मुजावर यांनी धमन्यांची रबरासारखी मऊ प्रतिकृती त्याच्या हातात दिली. त्याच्याच स्कॅनवरून छापलेली.

सुकुमारने ती उलटीपालटी करून बघितली. “म्हणजे पाइपाला फुगवटा आलाय. मी असला पाइप बदलून टाकतो.”

“मला तो बदलता येत नाही,” डॉक्टर म्हणाल्या. त्या बुटक्या, चाळिशीच्या आणि बोलायला सरळ होत्या. “मी फुगवट्याच्या मानेवर क्लिप लावते. रक्त मुख्य पाइपातून जात राहतं, फुगवट्यात शिरत नाही. आत रक्तच नाही म्हटल्यावर तो फुटणार कशाने?”

मग त्यांनी सगळं नीट सांगितलं. कानशिलावरचं तळहाताएवढं हाड उघडायचं. मेंदू कापायचा नाही. त्याच्या दोन पाळ्या जिथे एकमेकींना टेकतात त्या घडीतून, चिकटलेली पानं सोडवावीत तशी सूक्ष्मदर्शकाखाली वाट काढायची. धमनी सापडली की तिच्यावर आधी तात्पुरती क्लिप. तिने प्रवाह थांबतो, फुगा मऊ पडतो, आणि घड्याळ सुरू होतं, कारण पलीकडचा मेंदू आता रक्तावाचून असतो. त्या चार-पाच मिनिटांत टायटॅनियमची कायमची क्लिप फुग्याच्या मानेवर सरकवायची. जास्त आत गेली तर धमनीच दबते, कमी गेली तर फुगा उरतो. मग तात्पुरती क्लिप काढून रक्तात चमकणारा रंग सोडायचा. फुगा काळा राहिला पाहिजे, बाकीच्या सगळ्या फांद्या उजळल्या पाहिजेत.

“तेरा वेळा तालीम केली मी या रबरावर,” डॉक्टर म्हणाल्या, “आणि एक अडचण सापडली. मानेच्या कोपऱ्यातून केसाएवढी एक फांदी निघते. ती बोलण्याच्या भागाला रक्त पुरवते. ती वाचवायची तर मानेचा दीड मिलिमीटरचा कोपरा क्लिपच्या बाहेर ठेवावा लागेल. त्या कोपऱ्यावर मग लक्ष ठेवायचं.”

लक्ष ठेवायला नवी नाडी-क्लिप होती. तिच्या पात्यावर एक पापुद्रा असायचा, दाबला की वीज तयार करणारा. धमनीचा प्रत्येक ठोका त्याला दाबायचा, आणि त्याच विजेवर तो कानामागच्या बटणाएवढ्या चकतीला आकडे पाठवायचा. चकतीकडून ते हॉस्पिटलला जायचे, आणि घरातलं एक माणूस नेमलं तर त्याच्या फोनवरही. नुसता रक्तदाब नव्हे. माणूस चिडला, घाबरला, ओशाळला की धमनीच्या भिंतीतले स्नायू आवळतात. तेही त्यात उतरायचं.

घरातलं माणूस म्हणून त्रिशलाचं नाव लागलं. दुसरं होतं कोण? मूलबाळ नव्हतं.

ऑपरेशन उत्तम झालं. एकच झालं, सुकुमारचे शब्द अडकायला लागले. क्रियापदं यायची, नावं यायची नाहीत. डॉक्टर म्हणाल्या, येतील हळूहळू. तोवर त्याने स्वेच्छानिवृत्ती घेतली. त्रिशलाने त्याचे शब्द आपल्या अंगावर घेतले. तो ताटावर बसून “ते... ते दे जरा, पिवळं...” म्हणाला की तो हात उचलायच्या आत ती म्हणायची, “लिंबू.” तो “लिंबू,” म्हणायचा. दिवसातून चाळीस-पन्नास वेळा. फळ्यापाशी अडलेल्या मुलीला ती असाच हात द्यायची, आणि मुली पास व्हायच्या.

*

त्या मंगळवारी तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि लांबून स्कूटरवर त्याच्यामागे गेली. सुकुमार विश्रामबागेकडे वळला, एका गल्लीत शिरला आणि ‘फॉल-पिको, ब्लाऊज, अल्टरेशन’ अशी पाटी असलेल्या दुकानाचं काचेचं दार ढकलून आत गेला. चप्पल बाहेर काढून गेला, घरात शिरावं तसा.

समोर औषधांचं दुकान होतं. त्रिशला तिथे उभी राहिली. मशिनवर बसलेली बाई तिने ओळखली. हेमलता कारदगे. वॉर्डात सुकुमारपासून तिसरा पलंग. तिचा फुगा ऑपरेशनआधीच फुटला होता, आणि ती वाचली खरी, पण भाषा जवळजवळ सगळी गेली होती. नवरा आधीच वारलेला. त्रिशलाने स्वतः तिला दोनदा मुगाचं कढण पाजलं होतं, आणि तेव्हा तिच्या मनात दयेशिवाय काही नव्हतं.

सुकुमार बैठ्या स्टुलावर बसला. हेमलताने त्याच्याकडे एक जुना ब्लाऊज टाकला. खिशातून चष्मा काढून, बारीक पात्याने तो त्याची शिवण उसवायला लागला. ज्या माणसाने जन्मभर दोन फुटी व्हॉल्व्ह फिरवले तो दोरा-दोरा उचलून वेगळा करत होता. दहा मिनिटं कोणी काही बोललं नाही. मग तो काहीतरी म्हणायला गेला आणि मध्येच अडला. बाईने मशीन थांबवलं, हनुवटीवर हात ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसली. तिनेही हवेत बोटं फिरवली. तिलाही तो शब्द येत नव्हता. आणि मग दोघं हसायला लागली. सुकुमारने तर चष्मा काढून डोळे पुसले.

त्रिशलाच्या हातात फोन होता. हसताना माणसाची रेघ उडते. ही उडाली नाही.

लफडं असतं तर बरं झालं असतं, असं तिला औषधांच्या दुकानापुढे उभं राहून अगदी स्पष्ट वाटलं. लफड्यात रेघ उसळली असती, घाबरली असती, चोरटी झाली असती. तशा रेघेशी भांडता आलं असतं. या शांततेशी भांडायचं कसं?

घरी येऊन तिने वर्षभराच्या रेघा काढल्या आणि तशी शांतता आपल्या घरात कुठे आहे का ते शोधलं. दीड तास शोधल्यावर एक सापडली. मार्चमधली, अकरा ते साडेपाच, सलग, गुळगुळीत. तारीख बघितल्यावर तिला आठवलं. त्या दिवशी ती बोर्डाचे पेपर तपासायला कोल्हापूरला गेली होती.

*

सप्टेंबरच्या तपासणीला डॉक्टर मुजावरांनी दोघांना समोर बसवून रेघ भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर लावली.

“दीड मिलिमीटरचा कोपरा पावणेदोनला आलाय. अजून घाबरण्यासारखं नाही, पण मला तो आवडलेला नाही. ताण खाली राहायला हवा.” मग त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. “पण हे मंगळवार-शुक्रवार काय करता तुम्ही? सुरेख आहे. जे काय असेल ते रोज करा.”

सुकुमार आपल्या बुटांकडे बघत म्हणाला, “फिरतो.”

त्रिशला भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती. परतताना रिक्षा मिरजेबाहेर, कृपामयीच्या थांब्यापुढे आली. मग ती म्हणाली, “फॉल-पिकोच्या दुकानात फिरता होय?”

सुकुमारने तोंड वळवलं नाही. “बघितलंस?”

“कधीपासून?”

“जूनपासून. तिने ते... पुन्हा... ते...”

“दुकान उघडलं तेव्हापासून.”

त्याने तोंड मिटलं.

“काय आहे हो तिथं, जे इथं नाही?”

त्याने प्रयत्न केला. हे तिला नंतर पुष्कळदा आठवलं, की त्याने खरोखर प्रयत्न केला होता. त्याचे ओठ हलले, हात मांडीवरून उचलला गेला. “तिथं... कोणाला... तिथं ते नसतं, ते...”

“काय नसतं? कटकट? माझं तोंड?” ती म्हणाली. “की असतं काही? प्रेम? माया? बोला की!”

प्रत्येक शब्दाला तो नकारार्थी मान हलवत गेला. शेवटी त्याने रिक्षाचा दांडा धरला आणि म्हणाला, “राहू दे. नाही जात.”

आणि खरंच गेला नाही.

*

पहिल्या शुक्रवारी साडेचार वाजता तो घरात, खुर्चीत, पेपर घेऊन बसलेला दिसला तेव्हा त्रिशलाला इतका आनंद झाला की तिची तिलाच लाज वाटली. तिने शेंगदाण्याच्या पोळ्या केल्या. मंगळवार-शुक्रवारचे शेवटचे तास दुसऱ्या बाईंच्या गळ्यात घालून ती लवकर घरी यायला लागली. तिने चहा त्याच्या हातात दिला, शेजारी बसली, शाळेतल्या गमती सांगितल्या. तो ऐकायचा. मधूनमधून काही म्हणायला जायचा, आणि ती त्याला शब्द द्यायची.

रेघ वर जात होती.

एका दिवसात नाही, पण रोज जरा-जरा. हॉस्पिटलमधून फोन आला, गोळीचा डोस वाढवला. पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन, पुन्हा डोस. गोळीने रेघ दोन दिवस वाकायची आणि पुन्हा आपल्या वाटेला लागायची. गणिताच्या बाईला उतार काढायला कागद लागत नाही. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात ही रेघ डॉक्टरांनी आखलेली हद्द ओलांडणार, हे तिला भाजी चिरता चिरता कळलं.

त्या शुक्रवारी तिने काय करावं? कपाटातून आपला एक जुना ब्लाऊज काढला, त्यावर दाढीचं पातं ठेवलं आणि दोन्ही सुकुमारच्या मांडीवर ठेवलं.

“घ्या. उसवायचंच आहे ना? इथं उसवा.”

सुकुमारने तिच्याकडे बघितलं. मग चष्मा लावला आणि एक बाही उसवायला घेतली. ती समोर बसली, मांडीवर फोन उघडा ठेवून. बाही निघाली. त्याने ब्लाऊजची नीट घडी घालून तो बाजूला ठेवला, पातं कागदात गुंडाळलं आणि आत जाऊन पडला. महिन्यातला सगळ्यात उंच आकडा त्या अर्ध्या तासाचा होता.

नाश्त्याच्या वेळी एकदा तिने आणखी एक गोष्ट बघितली. तिला ती बघायची नव्हती, पण डोळे सवयीने फोनवर गेले. सुकुमार म्हणत होता, “आज त्याला बोलवायला हवं, ते वर... भरत नाही ते...” रेघ चढायला लागली. ती म्हणाली, “टाकी.” रेघ खाली यायला हवी होती. शब्द मिळाला होता. पण ती उभी उसळली, चाकूसारखी, आणि मग कुठे उतरली. तिने मुद्दाम पुढच्या वेळी शब्द गिळला. तो अडला, चाचपडला, रेघ थोडी चढली, चढून थांबली. “...प्लंबर!” तो म्हणाला, आणि रेघ घसरगुंडीवरून यावी तशी खाली आली.

ती चमचा घेऊन तशीच बसली. वर्षभराच्या रेघेवरच्या त्या सगळ्या बारीक दातांमध्ये, चाळीस-पन्नास रोजच्या, तिचा आवाज होता.

इथे एखादी बाई उठून म्हणाली असती, “जा हो, आज मंगळवार आहे.” त्रिशलाने ते वाक्य मनात तयारही केलं. पण ते म्हणणं म्हणजे, माझ्या घरात तुमचा जीव धोक्यात आहे आणि त्या बाईच्या घरात नाही, असं आपल्या तोंडाने कबूल करणं होतं. पुढच्या मंगळवारी म्हणू, असं तिने ठरवलं. मग शुक्रवारी. मग त्याच्या पुढच्या मंगळवारी. रेघ तिला दिसत होती, उतार तिला माहीत होता, आणि तो घरात होता. तिला तो घरात हवा होता.

*

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात, गुरुवारी, ती नववीच्या वर्गावर असताना हॉस्पिटलचा फोन आला. “मॅडम, त्यांना ताबडतोब घेऊन या. चालवत आणू नका.”

फुगा फुटला नव्हता. डाव्या डोळ्यामागे जड वाटतंय, एवढंच सुकुमार म्हणत होता. पण स्कॅनमध्ये कोपरा चार मिलिमीटरचा झाला होता आणि त्याच्या टोकाला आणखी एक बारीक टेंगूळ आलं होतं. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी करायचं ठरलं.

“या वेळी वेगळी क्लिप लावते,” डॉक्टर मुजावरांनी सांगितलं. “हिच्या पात्याला खिडकी आहे. ती केसाएवढी फांदी खिडकीतून पलीकडे जाऊ द्यायची आणि मान पूर्ण बंद करायची. गेल्या वर्षी एवढी बारीक खिडकी मिळत नव्हती. आता स्कॅनच्या मापावर रात्रीतून बनून येते. पण जुनी क्लिप आधी सोडवावी लागेल, आणि पहिल्या ऑपरेशनने आतलं सगळं चिकटलेलं असतं. जीवाचं मी बघते. ती फांदी राहील की नाही, हे मला आज सांगता येत नाही.”

“ती नाही राहिली तर?”

“तर बोलणं जाईल. बरंचसं.”

कॉरिडॉरमध्ये त्रिशलाने डॉक्टरांना थांबवलं. “मला तीन आठवडे रेघ दिसत होती. कशाने वर जाते तेही कळलं होतं. ते जिथं शांत होतात तिथं मी त्यांना जाऊ दिलं नाही.”

डॉक्टरांनी हातातली फाइल मिटली. “मॅडम, हे मला सांगून काय उपयोग? त्यांना सांगा. आणि आजच सांगा. उद्या उत्तर द्यायला त्यांच्याकडे शब्द असतील का, मला ठाऊक नाही.”

सुकुमार पलंगावर अर्धवट बसलेला होता. डोक्याची डावी बाजू भादरलेली. त्रिशला स्टूल ओढून बसली आणि तिने सगळं सांगितलं, हिशोबाच्या पायऱ्या सांगाव्यात तसं क्रमाने. औषधांच्या दुकानापासून प्लंबरपर्यंत.

तो ऐकत राहिला. मग म्हणाला, “माहीत होतं. तुझा... तो... कायम उघडा असायचा.”

‘फोन’ हा शब्द तिच्या जिभेवर आला. तिने दात मिटून घेतले.

“मला राग आला होता,” तो म्हणाला. “अजून आहे. म्हटलं, बघू कधी म्हणते, जा. मी पण बसून राहिलो, ह... हटून. आपण दोघं...” त्याने हात झटकला.

पंख्याचा आवाज येत होता. त्याचे ओठ हलत होते आणि तो दुसरंच काहीतरी शोधत होता, रिक्षात सापडलं नव्हतं ते. त्रिशलाने पलंगाची कड धरली. असं थांबणं किती अवघड असतं हे तिला त्या दिवशी कळलं. प्रत्येक सेकंदाला तिच्याकडे चार शब्द तयार होते.

“घाई,” सुकुमार म्हणाला. “तिथं घाई नसते.”

*

ऑपरेशन सकाळी आठला सुरू झालं. सहा तास लागतील म्हणाले. साडेनऊला त्रिशला उठली, स्कूटर काढली आणि मिरजेहून विश्रामबागेला गेली. का, ते तिला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

हेमलता एकटीच होती. त्रिशलाला बघून तिने मशीन थांबवलं. त्रिशलाने सांगितलं, “पुन्हा ऑपरेशन चाललंय. आत्ता.”

हेमलताचा चेहरा उतरला. तिने तोंड उघडलं. “पा... पाणी...”

त्रिशला पाण्याची बाटली शोधायला वळली. हेमलताने जोरात मान हलवली. त्रिशला उभी राहिली आणि मनात आकडे मोजायला लागली. बाविसाव्या आकड्याला शब्द आला.

“पाणीवाला,” हेमलता म्हणाली. “पाणीवाला... बरा?”

तिने त्याला नाव ठेवलं होतं. एकतीस वर्षांच्या संसारात त्रिशला त्याला ‘अहो’शिवाय काही म्हणाली नव्हती. त्या छोट्याशा दुकानात, त्या वेळी, तिला जे झोंबलं ती भीती नव्हती.

“माहीत नाही अजून,” ती म्हणाली. “चला, मागे बसा.”

दोघी दुपारपर्यंत हॉस्पिटलमधल्या एकाच बाकावर बसून होत्या. शेजारच्या बाईचा हात धरावा असं त्रिशलाला वाटलं नाही, आणि तिने धरलाही नाही. एकदा चहाचे दोन कप आणले, एवढंच.

अडीच वाजता डॉक्टर मुजावर टोपी काढत बाहेर आल्या. तात्पुरती क्लिप दोनदा लावावी लागली होती, एकदा चार मिनिटं, एकदा सहा. जुनी क्लिप निघाली, खिडकीची बसली. “रंग सोडला,” त्या म्हणाल्या, “फुगा काळा. फांदी उजळली.” मग भिंतीला टेकून त्यांनी डोळे मिटले.

सुकुमारचे शब्द राहिले. जेवढे होते तेवढे.

नव्या क्लिपलाही पापुद्रा होता. चौथ्या दिवशी एक बाई कागद घेऊन आली. आकडे कोणाकोणाला दिसावेत, ते लिहायचं होतं. सुकुमारने पेन घेतलं आणि सावकाश, डाव्या बाजूला झुकलेल्या अक्षरात लिहिलं, ‘फक्त हॉस्पिटल’. खाली साक्षीदाराची सही लागत होती. त्याने कागद त्रिशलापुढे सरकवला. तिने सही केली आणि तारीख घातली. त्या संध्याकाळी तिच्या फोनवरची रेघ मध्येच थांबली.

*

नोव्हेंबरच्या शेवटापासून सुकुमार पुन्हा मंगळवारी आणि शुक्रवारी जायला लागला. आता ‘पाय मोकळे करून येतो’ म्हणत नव्हता. “हेमलताबाईंकडे जातो,” म्हणायचा, आणि ते नाव त्याला कधीच अडायचं नाही, हे त्रिशलाच्या लक्षात यायचं. तो परतला की ती त्याच्या चेहऱ्याकडे बघायची. चेहऱ्यावर आकडे नसतात. घरात ती थांबायला शिकत होती, वाईट शिकत होती. दहातल्या चार वेळा शब्द तिच्या तोंडून निसटायचाच, आणि तो हात वर करून म्हणायचा, “बाई, थांबा.” कधीकधी यावर दोघं हसायची.

मे महिन्यात एका मंगळवारी तो पाच वाजताच घरी आला. चप्पल दाराशी तशीच टाकली आणि खुर्चीत बसला. हेमलताचा भाऊ आला होता. दुकान बंद केलं होतं. ती आता भावाकडे राहायला जाणार होती, कायमची.

“कुठं?”

त्याला शब्द यायला वेळ लागला. “बेळगाव.”

त्रिशलाच्या छातीत काहीतरी टुणकन उडालं. आनंदच होता तो, दुसरं काही नव्हे. ती पटकन स्वयंपाकघरात गेली, चहा ठेवला, आणि तो आनंद त्याला दिसू नये म्हणून आधण येईपर्यंत पातेल्याकडे बघत उभी राहिली.

तो शुक्रवार सुकुमारने खुर्चीत काढला. पुढचा मंगळवारही. चिडला नाही, कुरकुरला नाही. विचारलं की उत्तर द्यायचा, सोपे शब्द निवडून. साडेचार वाजले की खिशातला चष्मा काढायचा, पुसायचा आणि पुन्हा खिशात ठेवायचा. आता त्रिशलाजवळ रेघ नव्हती. ती समोर बसून बघत होती आणि तिला काही मोजता येत नव्हतं.

गुरुवारी सकाळी तिने त्याच्यापुढे फोन धरला. मंगळवारचं तिकीट होतं. सकाळी सातची सांगली-बेळगाव गाडी, खिडकीची जागा, आणि संध्याकाळची परतीची.

सुकुमारने चष्मा लावून ते दोनदा वाचलं. “एकच?”

“एकच,” त्रिशला म्हणाली. “मला शाळा आहे.”

मे महिना चालू होता आणि शाळेला सुट्टी होती, हे दोघांनाही माहीत होतं.